डेमो पीस

बर्डीवर मोटघरेंनी काउंटरच्या काचेवर
दोन्ही ठेवले शेजारी शेजारी,
साबणाच्या वडीएवढे.
एक चंदेरी, एक वांग्याच्या रंगाचा.
फरक साडेतीनशेचा.

चंदेरीला झूम जास्त.
वांग्याला साधे पेन्सिल सेल चालतात,
म्हणजे रामटेकला गडावर मान टाकली
तरी खाली पानठेल्यावर जीव मिळेल.
मेगापिक्सल सारखेच.
वहीत दोन रकाने आखून आणले होते मी.
बाबा म्हणाले, "काऊन एवढं मोजून राहिली?
फोटोच काढाचे हायेत नं."

मग त्यांनाच उभं केलं दुकानाच्या दारात.
मागे मे महिन्याचं पांढरं ऊन,
कानाला दुपट्टा घट्ट.
चंदेरीनं बटण दाबल्यावर जरा विचार केला,
तेवढ्यात हसू येऊन गेलं.
मिटलेले ओठ मिळाले.
वांग्यानं मात्र पकडलं वेळेवर,
पडलेल्या दातासकट,
दुपट्ट्याचं टोक हवेत.

वांगी घेतला.
मोटघरेंनी आतून सीलबंद डबा आणला,
तारखेचा शिक्का मारला बिलावर,
आणि काचेवरचा उचलून
पुन्हा कपाटात ठेवला.
तो डेमोचा होता.
माझ्या ध्यानात आलं ते
धंतोलीच्या पुलावर, ऑटोत.
"परत जायचं का?"
"फोटोसाठी? उन्हाचं?"

घरच्या वांग्यानं पुढे
बाबांचे शंभरेक फोटो काढले.
वेळेवर काढले, तक्रार नाही.
सगळ्यांत ओठ मिटलेले.

मोटघरेंकडे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
कपाट तेच आहे.
मी कव्हर बघते,
आणि खालचा खण.