तारीख तीच

शुक्रवारच्या बाजारात जीवीबेन
जुन्या लुगड्यांवर स्टील देते
आणि स्टील आत गेलं की
त्या घरातून जे बाहेर येतं ते विकते:
झाकण हरवलेल्या बरण्या, काटे नसलेली घड्याळं,
आणि या खेपेला, आतल्या दाढीच्या ब्रशासकट,
एक मग.

मगावर कोवळ्या चेहऱ्याचा राजा.
दोन बाजूंना झेंडे, खाली निळ्या फितीवर
राज्याभिषेक, १२ मे १९३७.

ब्रश काढून मी तिच्या हाती दिला.
मग उलटा करून बुडाचा शिक्का पाहिला,
पेराने वाजवला,
आई माठ घेताना वाजवायची तसा.
चिरलेलं भांडं बद्द बोलतं.
हा खणखणला.

"सातसो," जीवीबेन म्हणाली, "राजा छे."
म्हटलं, हा राजा झालाच नाही.
राज्याभिषेकाआधीच गादी सोडली त्याने.
ती राजाकडे बघत राहिली जरा वेळ.
"तो फोटो केम पाड्यो?"

आता तिला काय सांगू.
कुंभारांना घाई असते, बाई.
भट्ट्या आधी पेटतात, सोनं आधी चढतं,
हजारो मग पेंढ्यात बांधून तयार,
आणि डिसेंबरात बातमी येते.
मग धाकट्या भावाचा चेहरा शोधायचा,
नवा ठसा करायचा.
फीत तेवढी राहू द्यायची.
तारीख तीच.

साडेपाचशेला दिला तिने. ब्रश ठेवून घेतला.

रावपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत
एक काचेचं कपाट आहे.
त्यात म्हाताऱ्या राणीची बशी, हीरक महोत्सवाची,
नाकावरचा रंग घासून गेलेली.
दाढीवाला राजा आणि मोत्यांत बुडालेली त्याची राणी, १९११,
कान तुटलेला कप.
लोक विचारतात, हे कशाला, गोऱ्यांचं?
मी म्हणते, बत्तीस वर्षं
महापालिकेत जन्म-मृत्यू लिहिले.
तारीख दिसली की हात जातो.

हे अर्धंच खरं आहे.

रविवार, २१ फेब्रुवारी १९७१,
दुपारी बारा छत्तीस.
पत्रिका वाटून झाल्या होत्या.
सत्तावीस भांड्यांवर मांडवीच्या नगीनभाईने
ठिपक्या-ठिपक्यांनी माझं नाव घातलं होतं:
चि. सौ. कां. मंदाकिनी, शुभविवाहाप्रीत्यर्थ.
आणि मी नको म्हणाले.
राजाकडे निदान कारण होतं,
जगभर छापून आलं ते.
माझं मला अजून नीट सांगता येत नाही.

कार्यालयाचे पैसे भरलेले. जिलबीवाला ठरलेला.
मुलाकडचे म्हणाले, धाकटी आहे ना.
चारू एकोणीसची होती. ती हो म्हणाली,
का, ते मीही विचारलं नाही.
भांडी पुन्हा नगीनभाईकडे.
त्याने मंदाकिनी घासली, चारुशीला कोरली.
तारखेला हात लावला नाही.

काल चारू आली होती.
तिच्याकडच्या पेल्यात पाणी पिताना
तिरप्या उन्हात मी अजून दिसते,
शीलाच्या खाली एक पुसट नी.
तिला हे माहीत असणार.
रोज घासते ती.

कपाट उघडून तिने नवा मग उचलला.
कडेचं सोनं एकाच जागी उडालेलं,
तिथे अंगठा ठेवून म्हणाली,
"यातून कोणीतरी डावखुरं प्यायचं बघ."
मी हे पाहिलंच नव्हतं.
इतके दिवस राजाच बघत होते.

"हा कोण?"
"झाला नाही तो."
"आणि याचा भाऊ?"
"झाला."
"बरा होता?"
"बरा होता म्हणतात. बोलताना अडखळायचा."
चारू हसली. तिचे हे कधीच अडखळले नाहीत.
मग तिने पेराने मग वाजवला,
कान देऊन ऐकला,
जागच्या जागी ठेवला, राजाचं तोंड भिंतीकडे.

"केवढ्याला?"
"तीनशे," मी म्हटलं.