शॉट एकेचाळीस

वडाळा नाक्यावर, टायपिंग क्लासच्या डोक्यावर
आमची दीड खोली. तिच्यात साडेतीन माणसं
(अर्धा म्हणजे मुबीन, दुपारनंतर तो बापाच्या टायरच्या दुकानात)
आणि मक्केहून रातोरात निघालेली एक वाट.

नुझहतनं पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहिलं होतं :
चेहरा नाही. पाठ नाही. सावलीसुद्धा नाही.
मी नवा. म्हटलं, मग काढायचं काय?
ती म्हणाली, बाकी सगळं.

बाकी सगळं काही थोडं नसतं.
पखालीचं ओझं, खजुराच्या झावळीची करकर,
उंट मान वळवून बघतो
ते चौकटीच्या बाहेर, जिथं आपण जायचं नाही.

वडील पंचवटीत मूर्ती रंगवतात.
डोळे सगळ्यात शेवटी, तेही श्वास रोखून.
जेवताना म्हणाले, चेहराच नाही तर लोक बघणार कुणाकडं?
मी म्हटलं, कोळ्याकडं.
ते भाकरी मोडत राहिले.

गुहेसाठी पांडवलेणी चढलो, सकाळी साडेसहाला.
रखवालदार म्हणाला, कोरीवकाम पलीकडं आहे, इथं कशाचे फोटो?
अंधाराचे, म्हटलं.
त्यानं मला नीट न्याहाळून घेतलं.

जाळं तयार मिळतं, एका बटणावर. नुझहतनं ते पुसलं.
मग मुबीन दोन रात्री संडासाच्या झरोक्याशी
मोबाइलची बॅटरी धरून बसला, कोळ्याला न दुखावता.
आठ सेकंद. एकशे ब्याण्णव चित्रं.
कोळी मध्येच थांबतो, पाय पुसल्यासारखं करतो,
ते आम्ही ठेवलं.

घोडे मात्र नाशिकरोडच्या टांग्याचे,
आता वरातीत नाचणारे. पाठलागातही
त्यांची टाप जरा ठुमकते. हरकत नाही.

बागवानपुऱ्यात चादर ताणली, फळांच्या रिकाम्या पेट्यांवर पोरं.
घोडेस्वार गुहेच्या तोंडाशी आले. तलवारीचं टोक
जाळ्याच्या बोटभर अलीकडं थांबलं.
कबुतर घरट्यात नुसतं पंख आवरून बसलेलं.

पुढच्या रांगेतल्या पोरानं तोंडावर हात दाबला,
आतल्यांचा माग लागू नये म्हणून.

मला तर ठाऊक होतं. फाइलमध्ये ‘आत’ नावाचा थर आहे,
रिकामा, कुलूप घातलेला. मीच घातलंय.
तरी मीही श्वास धरला,
आणि मुबीननं बापाचा थरथरता फोन
मांडीखाली दाबून ठेवला.