घायपाताचा गड्डा

ठाणे-बेलापूर रस्त्याचा दुभाजक फोडला
तेव्हा दोनशे घायपात उपटून ट्रकमध्ये भरले.
मुकादम म्हणाला, केराबाई, डंपिंगला.
मी दोन मागे ठेवले, रबाळ्याच्या नर्सरीत,
खताच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली.
दोन्हींचा तुरा पोटातच होता अजून.

मला घायपात ठाऊक तो दोराचा.
बाप पानं कापायचा, ओढ्यात दगडाखाली सडवायचा,
आठ दिवसांनी मेल्या जनावरासारखा वास.
मग बडवून, धुऊन, पांढराशुभ्र वाख.
रसानं त्याचे हात कोपरापर्यंत उललेले,
रात्री झोपेतही खाजवायचा.
पोळ्याला कासरे, दावी, म्होरक्या
घरोघर, उंबऱ्याच्या अलीकडून.
अख्ख्या गावाची गुरं आमच्या पिळानं बांधलेली.
आमच्या दारात एक शेळी, तीही अर्धेलीची.

गड्डा कुणी खातं, हे माहीत नव्हतं.

कुंड्या न्यायला एक पोरगा आला होता,
वाशीच्या हॉटेलात ग्लास भरतो.
म्हणाला, मावशी, समुद्रापलीकडे हा खड्ड्यात भाजतात,
खातात, दारूही गाळतात.
पण तुऱ्याच्या आधी.
फुलून गेल्यावर आत काही उरत नाही.

हसुराम मढवी, रात्रीचा वॉचमन
(नर्सरी त्याच्याच शेतावर आहे म्हणतो,
नकाशा दाखवतो, घडीवर फाटलेला),
हसला. "खड्ड्यात? मंग ती पोपटीच झाली."

पहिल्या झाडाचा कोंब त्यानंच काढला,
मामा माडावर चढायचे त्याचे.
मधोमध वाटीएवढी खोल जागा खरवडली,
वर कौल झाकलं.
काही दिवसांनी सकाळी पाहतो तर ग्लासभर पाणी,
शहाळ्याहून गोड, जरा हिरवट.
दुपारी त्यात बुडबुडे.
संध्याकाळी हसुराम एकटाच गात बसला.

दुसऱ्याचा गड्डा कोयत्यानं सोलला,
हाताला पिशव्या बांधून; बापाकडे पिशव्या नव्हत्या.
डोंगराच्या बाजूला कमरेएवढा खड्डा,
सुबाभळीचे निखारे, तापलेले धोंडे,
खाली-वर भांबुर्ड्याचा पाला,
ओली गोणपाटं, मग माती.
दोन रात्री. पलीकडे कंपनीची भोंगा-पाळी बदलत राहिली.

उघडला तेव्हा
काळा, आतून गुळाच्या ढेपेसारखा,
काकवीचा वास, धुराचा वास.
हसुराम म्हणाला, तू आधी.
मी दाताखाली धरला.

बा, गोड होता रे.
इतका गोड की राग आला.
आपण जन्मभर ह्याच्या अंगावरची साल ओढत बसलो
आणि पोटाला हात लावला नाही.
भुकेच्या वर्षीसुद्धा नाही.
बरबड्याची भाकर खाल्ली, तरी नाही.

उसासारखं चघळायचं, चोथा थुंकायचा.
चोथा हातात आला तर वाख तो,
तपकिरी, चिकट, पण वाखच.
बोलता बोलता मी तो मांडीवर घेतला,
तळव्यानं पुढे ढकलला, मागे ओढला.
चाळीस वर्षांनी. पीळ बसला बरोबर.

वीतभर झाला.
हसुराम म्हणाला, ह्यानं काय बांधशील?
मला काही सुचलं नाही.
पाण्याच्या नळाला गुंडाळून ठेवला.

सकाळी पाहते तर
दोराला मुंग्या लागलेल्या.