बालाच्या पुढे, पावसात

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
आमचं मागे आहे,
मुठीएवढ्या लोखंडी गोळ्यावर टेकलेलं,
आणि सकाळपासून भिजतंय.

बाला सोडलं तेव्हा नुसती भुरभुर होती.
आता वायपर पाणी उपसून दमलेत,
पुढच्या लॉरीचे लाल दिवे
काचेवर मुरंब्यासारखे पसरतात.

एम्रिस शेजारी, मांडीवर नकाशा,
उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी.
मोतीबिंदू निघाला. तीन आठवडे
स्टिअरिंगला हात लावायचा नाही.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा गाडी माझ्याकडे
आणि त्याचे पाय रिकाम्या जागी ब्रेक शोधतायत.
“पन्नासच्या वर नको,” तो म्हणतो.
मी चाळीसवर आहे.
“वारा डावीकडून आहे.”
मला माहीत आहे. तळहातांना कळतो तो,
मागचं घर शेपूट हलवायला लागतं तेव्हा.

मागे कपाटातून काहीतरी सुटलंय.
दर वळणावर घरंगळतं, थांबतं, परत येतं.
चहाचा डबा असणार.
बटाटे एवढा विचार करत नाहीत.

मग पिवळी पाटी: रस्ता पाण्याखाली.
बाण डोंगराकडे.
दोन्हीकडे पाटीच्या दगडाच्या भिंती, शेवाळलेल्या,
मधे आमच्यापुरतीच वाट,
आणि त्या वाटेवर समोरून
दुधाचा टँकर.

टँकर मागे जात नसतो.
ड्रायव्हर, कोवळ्या मिशांचा पोरगा,
दोन्ही हात वर करतो,
जणू दूध त्याच्यापेक्षा वयाने मोठं आहे.

एम्रिस काही बोलत नाही.
दार उघडतो, पावसात उतरतो,
टोपी न घालता मागे चालत जातो.

आता हे सांगायला हवं,
कॅराव्हॅन मागे न्यायची तर
डावीकडे जायला उजवीकडे वळवायचं असतं.
हात उलटा, मन सुलटं.
आणि हे सांगायला हवं,
की एकतीस वर्षं मागे मी उभी राहिलेय,
प्रत्येक तळावर, चिखलात, हात हलवत,
आणि खिडकीतून तो ओरडलाय,
कुठली डावी, मेइनिर? तुझी का माझी?

आरशात तो एवढासा दिसतो.
एक डोळा झाकलेला, हातात
स्वयंपाकाचं लाल चौकडीचं फडकं.
फडकं डावीकडे जातं. मग उजवीकडे.
मग दोन्हीकडे एकदम,
जसं विमान उतरवतोय, किंवा मधमाश्या हाकतोय.
त्याचं तोंड उघडतं, मिटतं.
काचेवर नुसता पाऊस ऐकू येतो.

मी फडक्याकडे बघणं सोडून दिलं.
भिंतीकडे बघितलं. चाकाकडे.
थोडं उलटं, थोडं सरळ, थांब,
पुढे हातभर, पुन्हा उलटं.
डावा आरसा काटेरी झुडपात शिरला
आणि पानं घेऊन बाहेर आला.
दोनशे पावलं असतील. जास्तही.
मेंढ्या येऊन उभ्या राहिल्या,
त्यांना दुसरं काय काम होतं.

शेवटी कुणाच्या तरी शेताचं फाटक,
त्यापुढे जरा रुंद जागा.
टँकर भिंत चाटत गेला.
पोराने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.
एवढंच. इकडे एवढंच करतात.

हार्लेक अजून चौदा मैल.
आम्ही तिथेच थांबलो, मागच्या घरात शिरलो.
घरंगळत होता तो डबाच. चहा सगळा जमिनीवर.
मी तो तळहाताने गोळा केला,
केस आले का बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं,
पाणी ठेवलं.

एम्रिसच्या नाकावरून थेंब ओघळत होते.
मोजे काढून त्याने गॅसच्या वर टांगले
आणि फडकं पिळता पिळता,
माझ्याकडे न बघता विचारलं,
“मी काय ओरडत होतो, आलं का ऐकू?”

छपरावर पाऊस वाटाणे ओतत होता.
“नाही,” मी म्हणाले.
आलं होतं, शेवटचं,
खिडकी बोटभर खाली केली तेव्हा.
शाबास, म्हणत होता,
आणि मेंढ्या त्याच्याकडे बघत होत्या.