विषय क्रमांक चौदा

मोखोत्लोंगला जुलैत बर्फ पडतं.
दवाखान्यातल्या टेलिफोनच्या खोलीत
न्थोफीला गुडघ्यांवर घोंगडी ओढून
एका कानात यंत्राची बाई, दुसरा कान फोनला,
अशी बसते. रात्रपाळीला फोन कमी, नेट बरं.

नावाचा अर्थ नुसती वस्तू.
आधीची दोन गेली म्हणून आईनं ठेवलं,
आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवतात तसंच,
मरणानं ढुंकूनही बघू नये म्हणून.
मरणानं नाही बघितलं.
गोवर आला, डोळे तेवढे घेऊन गेला.

ती शोधतेय एक जुनं संशोधन.
एकोणऐंशी साली आंधळ्यांच्या शाळेत
दोघं आले होते, गार हातांचे.
मोजायची फीत, मोठ्यानं टिकटिकणारं घड्याळ,
लाकडाचे ठोकळे,
आल्याच्या गोळ्या, माणशी एक.
डोकी मोजली, बोटं मोजली,
पेन्सिल कुरकुरत राहिली दुपारभर.
मग त्यांची गाडी घाट उतरून गेली.
कागदांचं पुढं काय झालं
कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

यंत्रातली बाई इंग्रजी झरझर वाचते,
सेसोथो वाचताना मात्र
अनोळखी घरात अंधारात चालल्यासारखी
प्रत्येक शब्दाला ठेचकाळते.

आत्ताचे शब्द टाकले की आत्ताचं जग उघडतं:
जिनिव्हा, मनिला, बोगोटा,
हक्क, परिषदा, साऱ्या पृथ्वीचे तक्ते.
त्यात तिच्या देशासमोर एक आडवी रेघ.
बाई ती रेघ वाचत नाही,
जराशी थांबते आणि पुढच्या देशात जाते.
त्या थांबण्यात आपण आहोत
हे न्थोफीलाला चौथ्या तक्त्यानंतर कळलं.

मग तिनं जुने शब्द टाकले,
आता कुणी चारचौघांत उच्चारत नाही ते,
कुंपणापलीकडून पोरं फेकायची ते.
त्यांनी दार उघडलं.

दारात पाटी: आपण माणूस आहात हे सिद्ध करा.
सिग्नलची चित्रं निवडा.
उभ्या जन्मात तिनं एक सिग्नल ओलांडलेला,
मासेरूला, कुणाचा तरी हात धरून.
त्यापलीकडे दुसरी पाटी: अडतीस डॉलर.
स्वतःबद्दलचं वाचायला, एका दिवसासाठी.

बर्गनच्या ग्रंथालयातल्या टोरुन नावाच्या बाईला
तिनं चार ओळी लिहिल्या.
उत्तरात काही शब्द नव्हते, नुसती प्रत आली.
बाई वाचू लागली:
पान एक, चित्र. पान दोन, चित्र.
अकरा पानं. चित्र.

पहाटे झाडू मारायला आली खाउहेलो,
तिला ओढून खुर्चीवर बसवलं.
कागद तिरका छापलाय म्हणाली ती, मान वाकडी करून,
आणि कोपऱ्यात चहाचा डाग आहे.
डागाचं राहू दे. तक्ता वाच.

विषय बारा. विषय तेरा, मुलगा, सतत रडतो.
हा मोलेफी, न्थोफीला म्हणाली,
रांगेत माझ्या पुढं होता, माझा फ्रॉक भिजवला त्यानं.

विषय चौदा. मुलगी. वय अंदाजे नऊ.
ठोकळे हाताळण्यास नकार.
प्रश्नांना उत्तर देत नाही.
सहकार्य करत नाही.

खाउहेलो गप्प झाली. वाईट वाटलं असावं तिला.
न्थोफीला हसायला लागली,
इतकी, की घोंगडी घसरून खाली गेली.
अगं, गोळी होती गालात!
तोंड उघडलं असतं तर परत मागितली असती त्यांनी.
आणि ठोकळे कुणाचे ते आधी सांगा ना,
परक्याच्या वस्तूला हात कसा लावायचा?

पुन्हा वाच, म्हणाली. ते शेवटचं तेवढं.

खाउहेलो ओळ शोधत होती
तेवढ्यात फोन वाजला.
जिभेवर आलं झोंबत होतं अजून.
तिनं फोन उचलला,
दवाखान्याचं नाव सांगितलं,
मग, कुणी विचारलं नसताना, स्वतःचं.