पाचवी पायरी

मे महिन्यात सकाळी सहाला
अर्धं कोल्हापूर पंचगंगेत असतं.
यशू घाटाच्या तिसऱ्या पायरीवर,
पाठीला डबा, काखेत दोरी काचलेली.

"ढकल की रं तिला," पाण्यातनं कुणीतरी ओरडतं,
"आम्ही असंच शिकलो."
मीही. कळंब्याच्या विहिरीत,
काकानं मागून, न सांगता.
चांगलं पोहतो मी.
फक्त अजून कुणी पाठीमागं येऊन थांबलं
की पायाची बोटं जमीन घट्ट धरतात.

दस्तगीरमामा कमरेएवढ्या पाण्यात.
हात पुढं करत नाहीत, मागंही घेत नाहीत.
म्हशी धुणाऱ्या पोराला
दुधाचा भाव विचारत राहतात.

यशू चौथीवर उतरते. गुडघे भिजतात.
परत तिसरीवर.
जिभेवर आलेलं "शाब्बास" मी गिळतो,
त्याचंही ओझं होतं कधीकधी.

घरी जाताना स्कूटरवर
मागून तिचा ओला गाल माझ्या पाठीला टेकतो.
"बाबा, पाचवी पायरी दिसत नाही.
असते का?"
"असते."
"शेवाळ?"
"आहे थोडं."
गंगावेस येईपर्यंत नुसता
भडंग चावल्याचा आवाज.
मग,
"उद्या पायानं बघते."