उलटी नोंद

मार्च. दगडी चर्चमागची खोली.
हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
ट्योनिस बाईंनी वही उशीवर ठेवली
तान्ह्याच्या मानेखाली हात धरावा तशी
आणि बजावलं, बोटाला थुंकी लावायची नाही.

मी नेब्रास्काचा, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात गेली.
जुन्या जर्मन लिपीचा तक्ता वर्षभर फ्रिजवर होता,
तरी पहिला तास पानावर निव्वळ कुंपण,
तपकिरी, काटेरी तारांचं.
मग एक शब्द सुटला, गंजका बोल्ट सुटावा तसा.
विणकर.
मग ‘खोकल्याने’. मग नाव.

योहान गोथिल्फ, सतराशे एकसष्ट, शेजारी क्रूस.
योहान गोथिल्फ, त्रेसष्ट, शेजारी क्रूस.
योहान गोथिल्फ, सहासष्ट.
तेच नाव धुऊन, वाळवून
धाकट्याच्या अंगात घातलेलं.
तिसऱ्याला बसलं.

त्याच्यापासून खाली उतरत आलो,
पोरं, लग्नं, देवी, एक विहिरीत पडलेला,
अठराशे अडतीसपर्यंत.
तिथे माझा आंटोन हवा होता.
घरी सांगत, आपला मूळपुरुष सैन्यात अधिकारी,
घोड्यावरून पडून गेला.
ऑगस्ट दोनदा चाळला. आंटोन नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला,
काही न बोलता वही गर्रकन नाही, हळूच,
उशीसकट फिरवली.
पाद्र्याने ती एकच ओळ उलटी लिहिली होती.
तसल्या पोरांच्या तो अशाच लिही.

आंटोन. आई आना इल्झाबे ल्युडेकिंग, मोलकरीण,
विणकर गोथिल्फची नात.
साक्षीला मेंढपाळाची बायको. एकटीच.
बापाच्या रकान्यात रेघ,
इतकी दाबून ओढलेली की शाईने कागद खाल्लाय,
फटीतून मागच्या पानावरचं कुणाचं तरी लग्न दिसतं.

मूळपुरुष शोधायला आलो होतो,
सापडली भांडी घासणारी पोर
आणि तिचं आडनाव,
जे माझ्या गॅरेजच्या पाटीवर आहे.

वही अजून फिरवलेलीच होती.
गिरणीवाला, गावचा मुखिया, चर्चचा घंटावाला,
त्यांची औरस बाळं,
सगळी वटवाघळांसारखी खाली डोकं करून लटकलेली.
सरळ उभा एकटा आंटोन.

‘परत फिरवू?’ बाईंनी विचारलं.
म्हटलं, जरा थांबा.

मग उतरवून घेतलं, अक्षर न् अक्षर.
बापाच्या रकान्यात मीही रेघ ओढली,
पेन्सिलीने.
हलकी.